पाच राज्यांतले रोखे, जामीनदार मात्र एकच

अमेरिकेत राहणाऱ्या, निवृत्तीला आलेल्या मराठी मंडळींसाठी आणि त्यांचे कागदपत्र बघणाऱ्या मुलाभावंडांसाठी हे लिहितोय. माझ्या थोरल्या बहिणीला न्यू जर्सीत 'विमा असलेले' म्युनिसिपल बाँड, म्हणजे शहरं, कॉलेजं, रुग्णालयं अशांसाठी काढलेले कर्जरोखे, विकले गेले आणि त्यात ती दोनदा लुबाडली गेली. एकदा ते घेताना आणि एकदा विकताना. ब्रोकरचं किंवा त्याच्या फर्मचं नाव देत नाही, कारण तडजोडीच्या कागदावर ताईने तशी सही केली आहे.

भावोजी २००७ च्या उन्हाळ्यात गेले. त्यांच्या आयुर्विम्याचे सुमारे तीन लाख डॉलर ताईच्या हातात आले. ते बँकेत मुदतठेवीत टाकून मोकळं व्हावं, असा तिचा विचार होता. तेवढ्यात मंडळाच्या गणपतीत ओळख झालेला एक ब्रोकर घरी येऊ लागला. मराठी उत्तम, ताईला 'काकू' म्हणायचा, येताना बाकरवडी आणायचा, भावोजींच्या फोटोला नमस्कार करून मग बसायचा. त्याचं मुख्य वाक्य असं होतं: "काकू, बँकेतल्या पैशाला विमा एक लाखापर्यंतच. इथे सगळ्या रकमेला विमा आहे, ट्रिपल ए रेटिंग आहे आणि वर व्याज करमुक्त."

ट्रिपल ए म्हणजे परतफेडीच्या पतीची सगळ्यात वरची श्रेणी. ब्रोकरच्या या वाक्यात धडधडीत खोटं एकही नाही. म्हणून तर ते धोक्याचं. एकेक तुकडा सुटा करून बघा.

बँकेच्या ठेवीवर त्या वेळी खरोखरच एक लाख डॉलरपर्यंतच विमा होता. ती मर्यादा अडीच लाखांवर गेली ती ऑक्टोबर २००८ मध्ये. पण तो विमा एफडीआयसी या सरकारी ठेव-विमा संस्थेचा, म्हणजे त्यामागे केंद्र सरकार. म्युनिसिपल बाँडवरचा विमा हा खासगी कंपनीने दिलेला शब्द. त्या कंपनीच्या मागे कोणीच नाही. साधी घराची किंवा मोटारीची विमा कंपनी बुडाली, तर प्रत्येक राज्यात ग्राहकांसाठी एक हमी निधी असतो. रोख्यांची हमी देणाऱ्या कंपन्यांना त्या निधीचं छत्र नसतं. न्यूयॉर्कच्या कंपन्यांच्या पॉलिसीवर तर तसं छापलेलंच असतं. पण ती पॉलिसी रोख्यांचे पैसे वाटणाऱ्या ट्रस्टीकडे किंवा एजंटकडे असते. ताईसारख्या छोट्या ग्राहकापर्यंत तो कागद सहसा येतच नाही, आणि तिच्यापर्यंत तो आला नाही.

'सगळ्या रकमेला विमा' म्हणजे काय, तेही कोणी सांगितलं नाही. रोखे काढणाऱ्या संस्थेने व्याजाचा हप्ता किंवा मुद्दल चुकवलं, तर विमा कंपनी ते ज्या तारखेला देय असेल त्या तारखेला देते. मुदत २०३१ ला संपत असेल, तर संस्था २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली तरी मुद्दल २०३१ लाच, तोवर फक्त व्याज. आणि मधल्या काळात बाजारातला भाव पडला तर त्या तोट्याला विमा नाहीच. ताई तेव्हा सदुसष्ट वर्षांची होती. तिच्या एका रोख्याची मुदत संपायला ती नव्वदी ओलांडणार होती.

करमुक्तीचं तर विचारूच नका. केंद्राचा कर नाही, हे खरं. पण न्यू जर्सीत राहणाऱ्या माणसाला दुसऱ्या राज्यातल्या रोख्यांच्या व्याजावर न्यू जर्सीचा कर द्यावा लागतो. पाचही रोखे परराज्यातले होते. एप्रिल २००९ मध्ये विवरणपत्र भरताना सीपीएने हे सांगितलं, तेव्हा मी प्रथम तिची फाइल मागवून घेतली.

फाइलमध्ये पाच खरेदी-पावत्या होत्या. एक वृद्धाश्रम, एक खासगी कॉलेजचं वसतिगृह, एक पार्किंगची इमारत, एका लहान शहराची सांडपाणी योजना आणि एक रुग्णालय. पाच राज्यं, पाच वेगळे व्यवसाय. ब्रोकरने ताईला नकाशावर ती राज्यं दाखवून सांगितलं होतं, की पैसा असा विखुरला की काळजी नाही. पावतीवर रेटिंगच्या रकान्यात पाचही ठिकाणी ट्रिपल ए. खाली बारीक अक्षरात हमीदार कंपनीचं नाव. पाचही ठिकाणी एकच.

तो ट्रिपल ए त्या कंपनीचा होता, वृद्धाश्रमाचा नव्हे. रोख्याला विमा असला की विमा कंपनीचं रेटिंग आणि संस्थेचं स्वतःचं रेटिंग, यांतलं जे वरचं असेल ते छापायचं, ही बाजाराची रीत. पाचांपैकी दोन संस्थांना स्वतःचं रेटिंगच नव्हतं आणि दोन ट्रिपल बी या बऱ्याच खालच्या श्रेणीच्या आसपास होत्या. म्हणजे नकाशावर पाच ठिपके असले तरी पैसा एकाच दारात उभा होता.

आपल्याकडे पतपेढीच्या कर्जाला जामीनदार लागतो. तो जामीनदार आणखी किती जणांना जामीन राहिलाय, हे पतपेढीचा कारकून आधी तपासतो. ताईच्या रोख्यांबाबत हा एकच प्रश्न कोणी विचारला नाही. आणि तिच्या जामीनदाराने काय काय अंगावर घेतलं होतं, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

हा धंदा १९७१ मध्ये सुरू झाला. पुढे अँबॅक म्हणून ओळखल्या गेलेल्या कंपनीने अलास्कातल्या एका वैद्यकीय इमारतीच्या रोख्यांना पहिल्यांदा हमी दिली. १९८३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या वीज प्रकल्पांचे सव्वादोनशे कोटी डॉलरचे रोखे बुडाले आणि लोक हमी मागू लागले. धंद्याचं गणित सोपं होतं. गावं, शाळा, पाणीपुरवठा संस्था क्वचितच बुडतात. म्हणून थोड्या भांडवलावर प्रचंड रकमेची हमी देता येते. मोठ्या कंपन्यांकडे एक डॉलर भांडवलामागे शंभर डॉलरच्या आसपास, कधी त्याहून जास्त हमी असे. जोवर हमी फक्त सांडपाण्याच्या नळांची होती, तोवर ते चाललंही.

मग हावरेपणा आला. याच कंपन्यांनी घरकर्जांच्या गठ्ठ्यांवर बेतलेल्या रोख्यांना, आणि त्या रोख्यांच्या गठ्ठ्यांवर बेतलेल्या सीडीओ नावाच्या कागदांना तीच ट्रिपल ए हमी विकायला सुरुवात केली. प्रीमियम जास्त, आणि तोटा होणारच नाही असं त्यांचं स्वतःचं गणित. भांडवल मात्र तेच, जे ताईच्या वृद्धाश्रमामागे उभं होतं. घरांच्या किमती पडल्या तेव्हा तो सगळा भार एकाच वेळी अंगावर आला.

आता तारखा बघा. ऑक्टोबर २००७ च्या अखेरीस अँबॅक आणि एमबीआयए या सगळ्यांत मोठ्या दोन कंपन्यांनी तिमाही तोटा जाहीर केला. वर्तमानपत्रांच्या आर्थिक पानांवर तो विषय गाजत होता. ताईच्या पावत्या नोव्हेंबर २००७ च्या आहेत. १९ डिसेंबरला एसीए या लहान हमीदार कंपनीचं रेटिंग एका फटक्यात ए वरून ट्रिपल सी, म्हणजे जवळजवळ तळाला, आलं. १८ जानेवारी २००८ ला फिच या रेटिंग संस्थेने अँबॅकचा ट्रिपल ए काढला. जूनमध्ये एस अँड पी आणि मूडीज या दुसऱ्या दोन रेटिंग संस्थांनी अँबॅक आणि एमबीआयए दोघांनाही खाली आणलं. २००७ मध्ये ट्रिपल ए मिरवणाऱ्या सात हमीदार कंपन्या होत्या. २०१० संपेपर्यंत त्यातल्या एकीकडेही तो उरला नव्हता. ब्रोकर मंडळींना नोव्हेंबरात हे सगळं कळलं असेल असं मी म्हणत नाही. पण विम्याच्या नावावर विकला जाणारा माल गोदामातून लवकर हलवायचा आहे, एवढं त्यांना नक्की कळलं होतं. ताईला मिळालेले रोखे त्या फर्मच्या स्वतःच्या साठ्यातले होते.

दुसरी लुबाडणूक २००८ च्या डिसेंबरातली. 'काकू' म्हणणाऱ्याचा फोन आला. विमा कंपनी जातेय, रोखे शून्य होतील, आज विकलेत तर सत्तरच्या घरात भाव मिळवून देतो. शंभराला घेतलेले रोखे एकाहत्तरला. घाबरून ताईने तीन विकले: वसतिगृह, सांडपाणी योजना आणि रुग्णालय. बाकी दोनांना गिऱ्हाईक मिळालं नाही.

इथे मला सगळ्यात जास्त राग येतो. त्या तिन्ही संस्था नीट चालल्या होत्या. वसतिगृह भरलेलं होतं, शहरातले लोक सांडपाण्याचं बिल भरत होते. त्यांनी तेव्हा एकही हप्ता चुकवला नव्हता आणि पुढेही चुकवला नाही. विमा कंपनीची पत गेली म्हणजे कर्जदार संस्थेची पत गेली, असं होत नाही. आधी संस्थेकडे दुर्लक्ष करून विम्यावर माल विकला, आणि नंतर पुन्हा संस्थेकडे दुर्लक्ष करून विम्याच्याच भीतीवर तो परत घेतला. सौद्यांची नोंद काढली तर दिसलं, की ताईकडून एकाहत्तरला घेतलेला रोखा त्याच दिवशी दुसऱ्या ग्राहकाला पंचाहत्तरच्या वर विकला गेला होता. तो फरक पावतीवर कुठेच नव्हता, कारण फर्मने स्वतः खरेदी करून विकला की त्याला दलाली म्हणत नाहीत. छोट्या ग्राहकांच्या पावतीवर असा फरक दाखवायची सक्ती मे २०१८ मध्ये आली, तीही ठरावीक सौद्यांनाच.

उरलेल्या दोनांपैकी पार्किंगच्या इमारतीने पैसे चुकते केले. वृद्धाश्रमाने काही वर्षांनी व्याज थांबवलं, आणि तेव्हा हमीदार कंपनीही हप्ते पूर्ण देण्याच्या स्थितीत नव्हती. असं व्हायची उदाहरणं जाहीर आहेत. एफजीआयसी या हमीदार कंपनीला न्यूयॉर्कच्या विमा खात्याने नोव्हेंबर २००९ मध्ये दावे द्यायचं थांबवायला लावलं. २०१३ मध्ये योजना मंजूर झाली, तेव्हा पहिला रोख हप्ता दाव्याच्या १७ टक्के होता, बाकीचं पुढे जमेल तसं. अलाबामातल्या जेफरसन काउंटीचे सांडपाण्याचे रोखे आणि डेट्रॉइट शहराची पेन्शनसाठीची कर्जं, दोन्हींच्या हमीदारांत हीच कंपनी होती. उलट, ज्या कंपन्या टिकल्या त्यांनी प्वेर्तो रिकोसारख्या मोठ्या दिवाळखोरीतही देय तारखांना पैसे मोजले. म्हणजे विमा निरर्थक असतो असं माझं म्हणणं नाही. तो कोणी दिलाय आणि त्याने आणखी काय अंगावर घेतलंय, यावर त्याची किंमत ठरते.

आता घेणाऱ्यांनी काय बघावं. प्रत्येक रोख्याला नऊ अक्षरअंकांचा क्युसिप क्रमांक असतो. तो एम्मा या सरकारमान्य संकेतस्थळावर टाकला, की संस्थेची कागदपत्रं आणि त्या रोख्याचे झालेले सौदे, भावासकट, फुकट दिसतात. ताईच्या खरेदीच्या वेळी ही सोय नव्हती. आज आहे, तरी मंडळातल्या किती जणांनी ती उघडून पाहिली असेल, कोण जाणे. विमा नाही असं समजून संस्थेचं स्वतःचं रेटिंग विचारा. 'अंडरलाइंग' म्हणा, ब्रोकरला लगेच कळतं. तेच नसेल तर पुढची चर्चा थांबवा. मग हमीदार कंपनीच्या तिमाही अहवालात दोन आकडे शोधा: हमी दिलेलं, अजून फिटायचं बाकी असलेलं एकूण मुद्दल आणि दावे भागवायला उपलब्ध असलेला पैसा. त्यांचं प्रमाण काय, आणि एकाच कर्जदारावर किती रक्कम अडकलीय, हे दोन्ही तिथे छापलेलं असतं. सध्या नवीन रोख्यांना हमी देणाऱ्या कंपन्या दोनच आहेत, अ‍ॅशुअर्ड गॅरंटी आणि बिल्ड अमेरिका म्युच्युअल. त्यामुळे दहा रोखे घेतलेत तरी जामीनदार दोनाहून जास्त मिळणार नाहीत, हे धरूनच चाला. आणि ब्रोकरचं नाव फिनराच्या, म्हणजे ब्रोकरांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, ब्रोकरचेक या संकेतस्थळावर टाका. आमच्या 'काकू' म्हणणाऱ्या ब्रोकरवर तिथे आधीच्या दोन तक्रारी नोंदलेल्या होत्या.

आम्ही फिनराकडे लवादाचा दावा लावला. ट्रिपल ए कोणाचा हे लपवलं, वयाला न शोभणाऱ्या मुदतीचे रोखे दिले, राज्याचा कर सांगितला नाही आणि विकताना भावात मारलं, असे चार मुद्दे. सुनावणीच्या आधी फर्मने तडजोड केली. तोट्याचा काही भाग परत आला, सगळा नाही. त्यात सर्वांत उपयोगी पडल्या त्या ताईने बाकरवडीच्या पिशवीत जपून ठेवलेल्या पावत्या आणि ब्रोकरने स्वतःच्या हाताने 'फुल्ली इन्शुअर्ड' लिहून दिलेला कागद. तुमच्याकडे असं काही घडलं असेल तर थांबू नका. घटनेला सहा वर्षं उलटली की फिनराच्या लवादात दावा घेत नाहीत, आणि काही राज्यांचे कायदे त्याहूनही कमी मुदत देतात.