विश्वास, टार्गेट की स्वयंनिर्णय: आधी काय धरायचं?

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी कोल्हापुरात एका अभ्यासिकेत संध्याकाळी गणित आणि बुद्धिमापनाच्या अडचणी सोडवून देते. राधानगरी, भुदरगड, गगनबावड्याकडची मुलं असतात, कुणी पहिल्यांदा एमपीएससी देणारं, कुणी तिसऱ्यांदा. वर्षाची आखणी करायची वेळ आली की मुलं आणि पालक एकाच ठिकाणी अडतात. भिंतीवर रोजचं टार्गेट लावायचं, आधी आत्मविश्वास सावरायचा, की मुलाला त्याचं त्याला ठरवू द्यायचं?

तिन्ही वाटांमागे मानसशास्त्रातलं भक्कम काम आहे. माझं मत आधीच सांगते: दोनदा कट ऑफला अडकलेल्या मुलाची सुरुवात टार्गेटने करू नका. का, ते पुढे येईलच.

टार्गेटची बाजू मात्र कमकुवत नाही. एडविन लॉक यांनी १९६८ साली मांडलं आणि पुढे गॅरी लॅथम यांच्यासोबत वाढवलं ते असं: "जमेल तेवढं कर" म्हणण्यापेक्षा नेमकं आणि थोडं अवघड ध्येय दिलं की काम जास्त होतं. लॅथम यांचा ओक्लाहोमातला अनुभव मला फार बोलका वाटतो. ओंडके वाहणारे ट्रक कायदेशीर क्षमतेच्या जेमतेम ६० टक्के भरून जात होते. चालकांना ९४ टक्क्यांचं ध्येय दिलं. जादा पैसे नाहीत, फक्त कौतुक. काही महिन्यांत भरणा ९० टक्क्यांवर गेला.

पण त्या चालकांना ट्रक भरता येत होता, हे विसरायचं नाही. रूथ कॅनफर आणि फिलिप अ‍ॅकरमन यांनी १९८९ मध्ये हवाई वाहतूक नियंत्रणाचं नकली काम शिकणाऱ्यांवर प्रयोग केले. काम अजून अंगवळणी पडलेलं नसताना आकड्याचं ध्येय दिलं, तर शिकणं उलट मागे पडलं. लक्ष कामावर हवं, ते आकड्यावर गेलं. शेकडेवारीचा पायाच कच्चा असलेल्या मुलाला "रोज शंभर प्रश्न" सांगितलं की मी हेच होताना बघते. तो शंभर प्रश्न उरकतो, शिकत नाही.

आता विश्वासाकडे येऊ. इथे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण याच शब्दाचा सगळ्यात जास्त गैरसमज होतो. अल्बर्ट बॅंडुरा यांनी १९७७ मध्ये जो विश्वास मांडला, तो "मी भारी आहे" असा नाही. "हे अमुक काम मला जमेल" असा, कामापुरता विश्वास. इतिहासात तरबेज असलेली मुलगी सीसॅटचा, म्हणजे पूर्वपरीक्षेतला गणित-बुद्धिमापन असलेला पेपर उघडताना थरथरते, यात विसंगती काहीच नाही. दोन कामं, दोन विश्वास.

हा विश्वास चार ठिकाणांहून येतो, असं ते म्हणाले, आणि चारही ठिकाणं आपल्या तालमीत दिसतात. पहिलं आणि सगळ्यात पक्कं, स्वतः मिळवलेलं यश. म्हणून तर जाणता वस्ताद नव्या पठ्ठ्याची कुस्ती गावच्या जत्रेत तोलामोलाच्या गड्याशी जोडतो, एकदम खासबागेच्या मोठ्या मैदानात उतरवत नाही. दुसरं, आपल्यासारख्या कुणाला जिंकताना बघणं. तिसरं, पाठीवरची थाप. चौथं, अंगाची भाषा: लढतीआधीची धडधड भीतीची समजायची की तयारीची.

दुसऱ्या ठिकाणाला कोल्हापुरात तोटा नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला नेमबाजीत विश्वविजेती झाली. तिच्याच शाळेत, उषाराजे हायस्कूलमध्ये शिकलेल्या राही सरनोबतने तिच्यापासून प्रेरणा घेतल्याचं सांगितलं आहे, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिने सुवर्ण मिळवलं. २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक घेणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. माझ्याकडच्या राधानगरीच्या मुलाला परदेशी विजेत्यापेक्षा हे नाव जास्त बळ देतं. "आपल्यासारखा" ही यातली खरी अट आहे.

तिसरं ठिकाण, शब्दांची थाप, बॅंडुरांच्या मते अशक्त. नुसत्या बोलण्याने चढलेला विश्वास पहिल्या अपयशाला उतरतो. प्रेरणादायी व्याख्यानांना पैसे भरण्याआधी पालकांनी एवढं लक्षात ठेवावं, ही माझी कळकळीची विनंती.

तिसरी वाट एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांची, स्वयंनिर्णयाची. माणसाला तीन गोष्टी लागतात: आपण ठरवतोय ही भावना, जमतंय ही भावना आणि आपल्या माणसांचा जिव्हाळा. डेसींच्या १९७१ च्या प्रयोगात ठोकळ्यांची कोडी सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांना मध्येच पैसे दिले, मग बंद केले, तर मोकळ्या वेळात कोड्यांना हात लावणं कमी झालं. "पास झालास तर बुलेट" म्हणणाऱ्या वडिलांना मी हे सांगते. मात्र स्वयंनिर्णय म्हणजे मोकाट सोडणं नव्हे. कारण समजावणं, चौकटीत निवड देणं, एवढंच. सकाळी राज्यघटना की भूगोल, हे मुलाने ठरवावं.

निवड कशी करायची, तर वीस प्रश्नांचा एक कागद घ्या. सोडवण्याआधी विचारा, "किती बरोबर येतील?" बॅंडुराही विश्वास मोजायचे तो याच रीतीने, ठरावीक काम समोर ठेवून, किती खात्री आहे ते ० ते १०० मध्ये विचारून. अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच खाली असेल तर आधी विश्वास. अंदाज बरोबर, येतंही चांगलं, पण दिवस मोबाइलमध्ये आणि रंकाळ्यावर जातो, तर टार्गेट, तेही लेखी. अंदाज आणि गुण दोन्ही खाली असतील तर आधी शिकवणं, बाकीचं नंतर. आणि येत असूनही कागद आठवडाभर तसाच पडला असेल, तर शांत बसून विचारा, ही परीक्षा नक्की कोणाला हवी आहे. हे संभाषण घरात सगळ्यात जड जातं, म्हणून ते टळतं. टाळू नका.

विश्वास आणि टार्गेट यांना जोडणारा एक अभ्यास मी स्वतः वापरते. बॅंडुरा आणि डेल शंक यांनी १९८१ मध्ये वजाबाकीत मागे पडलेल्या, गणिताचा कंटाळा असलेल्या मुलांना ४२ पानं दिली, सात बैठकांसाठी. काहींना सांगितलं, दर बैठकीला सहा पानं. काहींना, शेवटापर्यंत ४२. काम तेवढंच, पण सहा पानांच्या मुलांना गणित येऊ लागलं, विश्वास वाढला आणि गोडीही लागली. लांबच्या ध्येयाचा मात्र काही परिणाम दिसला नाही.

यंदा एका मुलीने कागदावर अंदाज लिहिला सहा, बरोबर आले अकरा. मी काही बोलले नाही, दोन्ही आकडे तिच्यापुढे ठेवले. पुढच्या कागदावर तिने नऊ लिहिलं. दसऱ्यानंतर भिंतीवर टार्गेटचा तक्ता लागला, तेव्हा खडू तिच्याच हातात होता.