डेमो स्टेजजवळ, तेल किचनच्या दाराशी: कार्पेट सफाईच्या नावाखाली झालेली फसवणूक

लग्नाचा हॉल, बँक्वेट, क्लब, एसी रेस्टॉरंट, कुठेही वॉल-टू-वॉल कार्पेट अंथरलेलं असेल आणि स्वयंपाकघर लागूनच असेल, तर हे वाचा. 'लो मॉइश्चर' पद्धतीने, म्हणजे जेमतेम ओल वापरून, कार्पेट साफ करून देतो असं सांगत येणाऱ्यांपैकी एका कंपनीने आम्हाला चांगलाच चुना लावला. पद्धत खोटी नाही. तिच्या नावावर रात्री शटर ओढून भलतंच काम चालतं, ते खोटं. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, त्यापेक्षा त्यांची रीत लिहिते.

आमचा हॉल पिंपरी-चिंचवडमध्ये आहे, कार्पेट साधारण ३,२०० चौरस फूट. लग्नसराई संपून आषाढ लागला की आम्ही मोठी साफसफाई काढतो. बाकी कार्पेट धुळीने मळतं, त्याचं फारसं काही नाही. त्रास दोन पट्ट्यांचा: किचनच्या दारापासून बुफेपर्यंतचा आणि बुफेच्या टेबलांसमोरचा. वाढप्यांच्या चपलांना किचनच्या फरशीवरचं तेल लागतं, ते कार्पेटमध्ये मुरतं, त्यावर धूळ बसते आणि काही महिन्यांत तिथे काळपट, चकाकणारी वाट तयार होते. नेहमीचा शॅम्पूवाला भरपूर पाणी ओतायचा आणि पावसाळ्यात ते कार्पेट सुकता सुकायचं नाही. कुबट वास आला की पाहुणे सगळ्यात आधी जेवणाला नाव ठेवतात.

म्हणून 'दोन तासांत सुकेल' हे ऐकून बरं वाटलं. आलेला माणूस टापटीप होता, बोलणंही माहीतगाराचं. "मॅडम, शॅम्पू विसरा. आमच्या द्रावणात पॉलिमर असतो. तो मळाभोवती सुकतो, कडक कण होतो आणि व्हॅक्यूमने उचलला जातो." यातलं अक्षरही खोटं नाही. याला एन्कॅप्सुलेशन म्हणतात आणि मोठ्या ऑफिसांत ती पद्धत सर्रास वापरतात. मग त्याने डेमो दिला. स्टेजच्या डाव्या हाताचा कोपरा त्यानेच निवडला, 'इथे उजेड चांगला आहे' म्हणून. आधी सावकाश व्हॅक्यूम, मग फवारा, मग उलटसुलट फिरणाऱ्या दोन ब्रशचं मशीन. कोपरा झकास निघाला. किचनच्या दाराशी दाखवा म्हटलं तर उत्तर तयार होतं: "तिथे तेल आहे, प्री-स्प्रे, म्हणजे तेल सोडवणारा फवारा, आधी मारून थांबावं लागतं. ते कामाच्या दिवशी." हेही खरंच होतं! म्हणूनच शंका आली नाही.

दर चौरस फुटाला १२ रुपये. शॅम्पूवाला ५ घेतो. वर्षाचा करार, ४ वेळा सफाई, निम्मी रक्कम आगाऊ. जीएसटी धरून ९०,६२४ रुपये गेले.

कामाला तो माणूस आलाच नाही. रात्री साडेअकराला तीन पोरं आली आणि दीडला गेली. आमचा वॉचमन म्हणाला, "मॅडम, फरशी पॉलिशचं मशीन होतं की ओ." सीसीटीव्ही बघितला, तर खरंच. एकाच चकतीचं मशीन, खाली सुती पॅड. व्हॅक्यूम त्यांनी गाडीतून उतरवलासुद्धा नाही. बादलीत पावडर कालवली, मगाने कार्पेटवर शिंपडली, पॅड फिरवला. सुरुवात किचनच्या दारापासून, शेवट स्टेजपाशी, आणि पॅड तोच. म्हणजे दाराशी उचललेलं तेल सगळ्या हॉलभर सारवलं. स्टेजचा डेमोचा कोपरा तेवढा सोडला, तो झालेलाच होता ना.

सकाळी हॉल लिंबाच्या वासाने घमघमत होता आणि कार्पेट उजळल्यासारखं दिसत होतं. मात्र दुपारपर्यंत ते पायाला ओलं लागत होतं आणि तिरक्या उजेडात पॅडची रिंगणं दिसत होती. आठवडाभरात काळ्या वाटा परत वर आल्या, आणि त्याआधी स्वच्छ असलेला मधला भागही करडा पडला. फोन केला तर म्हणे, "तुमच्या किचनचं तेल आहे, त्याला आम्ही काय करणार?"

आमच्या ओळखीत एक काका आहेत, मोठ्या हॉटेलच्या हाऊसकीपिंगमधून निवृत्त झालेले. त्यांना बोलावलं. ते आले ते थेट किचनच्या दाराशी उकिडवे बसले. कार्पेटच्या कडेचा एक धागा ओढला आणि पेल्यातल्या पाण्यात बुडवून सोडला. धागा वर येऊन तरंगला. "पॉलिप्रॉपिलीन. नायलॉन असता तर बुडाला असता. हा धागा पाणी पीत नाही, पण तेलाला असा धरतो की सोडत नाही. तुमच्या त्या शहाण्याने हे विचारलं होतं का?" नव्हतं विचारलं.

काकांनी समजावलं ते असं. तेलकट कार्पेटवर नुसतं एन्कॅप्सुलेशन चालत नाही. आधी कोरडा व्हॅक्यूम, तोही रेंगाळत, कारण सुटी धूळ राहिली तर ओल लागताच तिचा चिखल होतो. मग तेल तोडणारा अल्कलाइन प्री-स्प्रे, आणि तो मारून दहा-पंधरा मिनिटं हात न लावता थांबायचं. मग ब्रश. सुटलेलं तेल कोरड्या पॅडने टिपायचं आणि पॅड मळला की बदलायचा, नाहीतर तेल फक्त जागा बदलतं. त्यानंतर पॉलिमरचं द्रावण, आणि सगळं सुकल्यावर पुन्हा व्हॅक्यूम. यातलं सगळ्यात महाग काय, तर थांबणं. चोरीही तिथेच होते. शिवाय दाराजवळच्या पट्ट्याला इतकं करूनही अधूनमधून गरम पाण्याने धुऊन लगेच खेचून घेणारं एक्स्ट्रॅक्शन मशीन लागतंच, हे प्रामाणिक माणूस आधीच सांगतो. प्री-स्प्रे किती जहाल चालेल ते धाग्यावर ठरतं. आमच्या पॉलिप्रॉपिलीनला बराच कडक चालतो. लोकर असेल तर तोच रंग आणि धागा दोन्ही खराब करेल, आणि नायलॉनवरचं डाग-रोधक लेपन घालवेल.

मग पुराव्याचं. कॅश काउंटरवर नोटा तपासायचा छोटा यूव्ही टॉर्च असतो, तो काकांनी मागितला आणि दिवे घालवले. कार्पेट निळसर पांढरं चमकलं. कपडे धुण्याच्या पावडरीत उजळपणासाठी ऑप्टिकल ब्राइटनर घालतात, ते असं चमकतं. मळ निघालेला नसतो, डोळ्यांना फक्त उजळ दिसतं. सोफ्याखालची न साफ केलेली जागा चमकली नाही. आणि स्टेजचा डेमोचा कोपरा? तोही नाही. म्हणजे डेमोचं रसायन वेगळं आणि कामाचं वेगळं, हे आमच्याच हॉलमध्ये लिहून ठेवल्यासारखं दिसत होतं. याचे फोटो मी काढून ठेवले.

पोरं एक कॅन विसरून गेली होती. त्यातले थेंब काचेच्या बशीत घालून रात्रभर एसीच्या खोलीत ठेवले. खऱ्या एन्कॅप्सुलेशनच्या द्रावणाचा सुकल्यावर ठिसूळ पापुद्रा होतो, नखाने खरवडला की भुगा पडतो. आमच्या बशीत चिक्कीच्या पाकासारखा चिकट थर होता. कार्पेट आधीपेक्षा लवकर का मळलं ते तिथेच कळलं: चिकटा राहिला की येणाऱ्या प्रत्येक चपलेची धूळ त्यावर बसते. ही बशीची चाचणी कोणालाही करता येते. काम द्यायच्या आधी नमुना मागा. देत नसतील तर चहा पाजून वाटेला लावा.

पैशांचं म्हणाल तर, एका फुकट खेपेवर मिटवू असं ते म्हणाले. मी नको म्हटलं, तीच पावडर पुन्हा कशाला? पोलीस चौकीत ही दिवाणी बाब आहे असं ऐकायला मिळालं. ग्राहक आयोगाचं विचारलं, तर २०१९ च्या कायद्यात व्यापारी कामासाठी सेवा घेणारा 'ग्राहक' धरत नाहीत, म्हणून आमच्यासारख्या हॉलला ते दार बंदच. वकिलांनी नोटीस पाठवली, सोबत सीसीटीव्ही आणि यूव्हीचे फोटो. त्यांच्या उत्तरात कराराच्या मागच्या पानावरच्या एका ओळीचा आधार आहे: 'सफाईची पद्धत व साहित्य कंपनी ठरवेल.' आगाऊ रकमेतला रुपया अजून परत आलेला नाही.

चिकटा काढायला दुसऱ्या माणसाला बोलावलं. तो काकांच्या ओळखीचा नाही, पण डेमो मी सांगितलेल्या जागी, किचनच्या दाराशी, सगळ्यात काळ्या पट्ट्यावर द्यायला तयार झाला. डेमोच्या जागेवर पंधरवडाभर वाढप्यांची ये-जा होऊ दिली आणि मगच वर्क ऑर्डर दिली. तिच्यात कोरडा व्हॅक्यूम आधी आणि नंतर, प्री-स्प्रेचं नाव, थांबण्याची मिनिटं, पॅड किती, आणि कामभर आमचा माणूस हजर राहील, एवढं लिहून घेतलं. अर्धे पैसे काम झाल्यावर, उरलेले पंधरा दिवसांनी कार्पेट बघून. त्याने चौरस फुटाला १० रुपये घेतले आणि दाराजवळच्या पट्ट्याचे वेगळे. तो पट्टा पूर्ण निघणार नाही असं त्याने आधीच सांगितलं होतं, आणि निघाला नाहीच. आता किचनची फरशी रोज रात्री डीग्रीझरने, म्हणजे तेल काढणाऱ्या द्रावणाने, धुतली जाते आणि दाराच्या आत रबरी मॅट टाकली आहे.