पहिली रेकॉर्ड कुणाची? किशोरीताई, लताबाई, बेगम अख्तर की बिली हॉलिडे

भाचीनं इंदूरच्या विजयनगरमधल्या नव्या फ्लॅटमध्ये सोफा यायच्या आधी रेकॉर्ड प्लेअर आणला. चौथ्या दिवशी तिचा फोन. "मामा, प्लेअरमध्येच पैसे संपले. या महिन्यात एकच रेकॉर्ड घेता येईल. गाणारी बाईच हवी. कुणाची घेऊ?" सोबत एक यादीही पाठवली, इकडून तिकडून गोळा केलेली, किशोरी आमोणकरांपासून एमी वाइनहाऊसपर्यंत.

घरातली परिस्थिती अशी. भाचीला मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही चालतं. जावई मालवी बोलणाऱ्या घरातले. मराठी बोलणं कळतं, तुकोबा कळत नाहीत. दोघंही नऊच्या पुढे घरी पोचतात, म्हणजे ऐकायला वेळ मिळणार तो रात्रीचा.

यादीतल्या बऱ्याच रेकॉर्डी माझ्याकडे रामबागेत आहेत. उरलेल्या एका मित्राकडून मागून आणल्या आणि तीन रविवार हेच केलं. यांच्यात श्रेष्ठ कोण, हा वाद मी घालणार नाही. तो आमच्याकडे पोहे-जिलबीबरोबर फुकट होतो. मी पाहिलं ते एवढंच, की एक बाजू संपली की दुसरी लावायला माणूस उठतो का. मोबाइलवर गाणी आपोआप पुढे सरकतात. इथं वीस-बावीस मिनिटांनी सुई उचलायला जावं लागतं, आणि आळस भल्याभल्यांना हरवतो.

ख्यालापासून, म्हणजे आपल्या शास्त्रीय गायकीपासून, सुरुवात करतो, कारण खरी अटीतटी तिथंच झाली. एकीकडे किशोरीताईंची भूप आणि बागेश्रीची एलपी (मोठी, लांब वाजणारी रेकॉर्ड), दुसरीकडे प्रभा अत्रे यांची मारुबिहाग आणि कलावतीची. दोन्ही एचएमव्ही कंपनीच्या, दोन्ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या, आणि दोन्हीत रात्रीचेच राग. भाचीच्या वेळापत्रकाला दोन्ही बसतात.

प्रभाताईंची वाट सोपी आहे. किराणा घराण्याची तालीम, सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडची. सूर लागला की तो स्वच्छ, गोल, कुठेही टोचत नाही. सरगमवर, म्हणजे सुरांची नावंच घेत गाण्यावर, त्यांचा अभ्यास होता, डॉक्टरेटही त्याच विषयावर; म्हणून त्यांची सरगम तोंडी लावायला घेतलेली वाटत नाही, ती गाण्यातूनच उगवते. कलावतीतलं 'तन मन धन' ज्याला ख्याल म्हणजे काय हे ठाऊक नाही त्यालाही पहिल्या फेरीत पकडतं. आमच्या शेजारच्या मुलानं, जो एरवी फक्त गाडीत गाणी ऐकतो, दारात उभं राहून ते पूर्ण ऐकलं.

किशोरीताई तशा दारात उभं राहून ऐकता येत नाहीत. भूपात स्वर पाचच : सा, रे, ग, प, ध. तेच पाच देसकार रागात. फरक मुक्कामाचा, भूपाचा जीव गंधारात (ग), देसकाराचा धैवतात (ध). सांगायला एका ओळीचं, पण गळ्यानं पाळायला किती कठीण, ते या रेकॉर्डवर 'प्रथम सुर साधे' सुरू झालं की कळतं. त्या गंधारावर येतात, थांबतात, जरा खालून पुन्हा येतात. जणू घराची किल्ली आहे पण कुलूप उघडायची घाई नाही. मग द्रुतात, म्हणजे जलद लयीत, 'सहेला रे'. या बंदिशीत सात सुरांचे भेद ऐकवायची भाषा आहे आणि राग पाच सुरांचा! मी हे पहिल्यांदा लक्षात आल्यावर हसलो होतो. नंतर कितीदा ऐकलं तरी उरलेले दोन सुर कुठे गेले, असं मनात आलं नाही.

तर कुणाची घ्यावी? घरात कुणीच कधी ख्याल ऐकला नसेल तर प्रभाताई. पण पाच वर्षांनीही तीच रेकॉर्ड काढायची असेल तर किशोरीताई. आणि माझ्या कसोटीवर भूप सरळ जिंकतो, कारण तो संपल्यावर मागची बागेश्री लावली नाही तर जेवण अर्धं टाकून उठल्यासारखं होतं. (प्रभाताईंची माझी पहिली प्रत मीच मारली. मे महिन्यात व्हरांड्यात ठेवून जेवायला गेलो. परत आलो तेव्हा तिची कढई झाली होती. इंदूरच्या उन्हात रेकॉर्ड आणि पापड यांत फरक करू नये.)

किशोरीताईंच्या जयपूर-अत्रौली घराण्यातल्या केसरबाई केरकर भाचीच्या यादीत होत्या, कारण त्यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. ती भैरवी जेमतेम साडेतीन मिनिटांची. केसरबाईंच्या मूळ तबकड्या मिनिटाला 78 फेऱ्यांच्या गतीच्या, लाखेच्या, हातातून निसटल्या की तुकडे. नव्या प्लेअरवर बहुतेक वेळा ती गतीही नसते आणि त्या खाचेची सुईही नसते. त्या नव्या संकलनावर ऐकाव्यात. पहिली खरेदी ही नव्हे.

आता लताबाई. शीख मोहल्ल्यात जन्मलेल्या मुलीविषयी इंदूरकरानं तटस्थ राहायचं म्हणजे गंमतच आहे. शहराबाहेर पिगडंबरला तिच्या रेकॉर्डींचं अख्खं संग्रहालय उभं आहे, तेव्हा माझा कल कुठं ते मी लपवत नाही. पण सिनेमाची संकलनं मी बाजूला ठेवली. ती अल्बम नव्हेत, ती थाळी असते. उरल्या दोन : श्रीनिवास खळ्यांच्या चालींची 'अभंग तुकयाचे' आणि हृदयनाथांच्या चालींची, मीरेच्या पदांची 'चला वाही देस'.

मला स्वतःला विचाराल तर 'अभंग तुकयाचे'. 'भेटीलागी जीवा' मधली ती आस, 'कन्या सासुरासी जाये' मधलं मागे वळून पाहणं. खळ्यांनी चाल अशी बांधलीय की ऐकताना सोपी वाटते आणि गुणगुणायला गेलं की दुसऱ्याच ओळीला आपण उघडे पडतो. आमच्या आईचं लग्न होऊन ती नागपूरहून इंदूरला आली होती. 'कन्या सासुरासी' लागलं की ती स्वयंपाकघरातला नळ बंद करायची. बोलायची काही नाही.

पण रेकॉर्ड माझ्या घरी जाणार नव्हती. जावयांना प्रत्येक अभंगाचा अर्थ सांगत बसलं तर तो क्लास होतो. उलट मीरेचं 'म्हारा', 'थारा' हे त्यांच्या आजीच्या तोंडचे शब्द. मालवी आणि राजस्थानी सख्ख्या बहिणी नसल्या तरी चुलत तरी आहेतच. शिवाय हृदयनाथ आमच्या इंदूरच्या उस्ताद अमीर खाँचे शागीर्द. 'चला वाही देस' मधली ती संथ, आत वळलेली स्वरांची वळणं ऐकताना ते नातं कानाला कळतं. ही रेकॉर्ड पाठीमागे लावून भाजी चिरता येत नाही, हा तिचा दोष म्हणा किंवा थोरवी. अर्थात तुमच्या घरी सगळे वारकरी परंपरेतले असतील तर माझं काही ऐकू नका, तुकोबा घ्या.

आशाताईंच्या बाबतीत घोळ होतो तो निवडीचा. एकाच बाईनं 1987 मध्ये आरडी बर्मन आणि गुलजारांबरोबर 'दिल पडोसी है' केला, 1996 मध्ये उस्ताद अली अकबर खाँ यांच्यासोबत जुन्या बंदिशींचा 'लेगसी' केला, ज्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं, आणि 2005 मध्ये क्रोनोस क्वार्टेट या अमेरिकी तंतुवाद्यवाल्यांबरोबर आरडीचीच गाणी पुन्हा गायली. मराठीत श्रीधर फडक्यांच्या चालींचा 'ऋतू हिरवा' आहे तो वेगळाच. 'लेगसी' सगळे गौरवतात. मला तो थोडा परीक्षेला बसल्यासारखा वाटतो. साठी ओलांडलेली एवढी मोठी गायिका उस्तादांसमोर इतकी जपून गाते की तिचा खट्याळपणा बाहेरच राहतो. 'दिल पडोसी है' मध्ये तो पुरता सापडतो. पार्टीचं घर असेल तर हा घ्या.

मग आल्या त्या दोघी, ज्यांनी माझा दुसरा रविवार खाल्ला.

गझल-ठुमरीच्या बेगम अख्तर 7 ऑक्टोबर 1914 ला फैजाबादमध्ये जन्मल्या. जॅझ गाणारी बिली हॉलिडे बरोबर सहा महिन्यांनी, 7 एप्रिल 1915 ला अमेरिकेत. दोघींची गाठ कधी पडली असेल असं नाही. पण पाठोपाठ लावून ऐकल्या की एकाच गल्लीतल्या वाटतात.

बिलीचा 'लेडी इन सॅटिन' 1958 चा. ती तेव्हा बेचाळीस-त्रेचाळीसची, पण आवाज साठीचा. दारूनं आणि नशेनं खाल्लेला, वरच्या सुरात खरवडणारा. मागे मात्र संगीत संयोजक रे एलिसचा चाळीसेक वाद्यांचा, रेशमासारखा वाद्यवृंद. एलिसला सुरुवातीला तिचं गाणं पसंत पडलं नव्हतं. रेकॉर्डिंग संपून तयार ध्वनिमुद्रण नीट ऐकल्यावर त्याला उमगलं, की आपण नुसते सूर ऐकत होतो, तिच्या गाण्यातली भावना नाही. जुलै 1959 मध्ये ती गेली. पहिल्या गाण्यात ती एक शब्द उच्चारायच्या आधी किंचित थांबते; मी ती जागा सुई उचलून पाच वेळा ऐकली, आणि पाचही वेळा वाटलं की या खेपेला ती पुढे गाणार नाही.

बेगम अख्तरांचा आवाजही फाटतो. पण तो थकून फाटत नाही. वर जाताना क्षणभर तडकतो, ज्याला रसिक पत्ती म्हणायचे आणि ज्याची वाट बघत बसायचे. लग्नानंतर काही वर्षं त्यांनी गाणं सोडलं, प्रकृती ढासळली, आणि डॉक्टरांनी पुन्हा गा म्हणून सांगितलं, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. 1974 मध्ये अहमदाबादला मैफल करून त्या गेल्या. 'ऐ मोहब्बत तेरे अंजाम पे रोना आया' मध्ये रडू कुठेच नाही. आहे ती रडून झाल्यावर पदर सावरणारी बाई. बिली तुम्हाला तिच्या खोलीत ओढून नेते. बेगम तुम्हाला समोर बसवून पान देतात आणि मग सांगतात.

अडचण एवढीच की बेगम अख्तरांचा असा एकसंध 'अल्बम' सहसा हाती लागत नाही. बाजारात मिळतात ती बहुतेक संकलनं, आणि ती कशीही बांधलेली. घ्यायचं तर गझलांबरोबर ठुमरी-दादराही असलेलं बघून घ्या. नुसत्या गझलांत त्या अर्ध्याच भेटतात. 'लेडी इन सॅटिन' उलट एकाच मनानं, एकाच ऋतूत केलेला, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सलग. अल्बम म्हणून तो वरचढ आहे. रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खाऊन साडेबाराला घरी आलात की मात्र बेगमच लावाव्यात. बिलीनंतर झोप येत नाही.

बाकीच्यांची वाट लवकर लावतो. अरिथा फ्रँकलिनचा 'अमेझिंग ग्रेस' जानेवारी 1972 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्रींत मुद्रित झाला. हा कीर्तनच आहे. बाईच कीर्तनकार बुवा, मागचा गायकवृंद झील धरतो, लोक मध्येच उठून दाद देतात, आणि वडील प्रवचनकार असल्यानं तेही दोन शब्द बोलतात. ख्रिस्ती धर्माचा गंध नसलेल्या माझ्या मित्राचा टाळ्यांचा ठेका तिसऱ्या गाण्याला सुरू झाला. फक्त ही दोन तबकड्यांची जोडरेकॉर्ड आहे. भाचीच्या बजेटला परवडत नाही. जोनी मिचेलचा 1971 चा 'ब्लू' इंग्रजी शब्दांवर जगतो. दहा गाणी, छत्तीसेक मिनिटं, गिटार, पियानो, मांडीवर ठेवून वाजवायचं डल्सिमर हे तंतुवाद्य, आणि डायरीची पानं. शब्द सुटले तर अर्धा अल्बम सुटला. एमीचा 2006 चा 'बॅक टू ब्लॅक' झकास, पण तो फोनवरही तेवढाच चांगला वाजतो, मग रेकॉर्डवर पैसे का घालायचे. एम. एस. सुब्बुलक्ष्मींचं 1963 चं सुप्रभातम मी तुलनेतच घेत नाही. ते घड्याळासारखं पहाटेला लागतं, आणि भाचीची पहाट आठला होते.

खरेदीचं थोडं. जुनी प्रत घेताना कव्हरवर विसंबू नका. मी एकदा दुसऱ्या शहरातून गझलांचं कव्हर बघून मागवली आणि आतून बालगीतं निघाली. विकणाऱ्यानं पुढे फोन उचलला नाही. आतली तबकडी काढायला सांगा, लेबल वाचा, ती ट्यूबलाइटखाली आडवी धरून बघा. केसासारखे ओरखडे चालतात, नखाला लागतो तो नाही. मग सपाट टेबलावर ठेवून कडेनं डोळा लावा. कड वरखाली दिसली तर सोडून द्या, कितीही दुर्मीळ असो.

तर माझा क्रम भाचीला असा कळवला : पहिली किशोरीताईंची भूप-बागेश्री, आणि ती चांगल्या स्थितीत मिळाली नाही तर 'चला वाही देस'. पुढच्या पगाराला बेगम अख्तर.

तिनं 'लेडी इन सॅटिन' घेतली. कव्हर आवडलं म्हणे. मी दोनदा त्यांच्याकडे जेवायला गेलो, दोन्ही वेळा तीच लागली, आणि दोन्ही वेळा बाजू उलटायला जावई उठले.