४०४ च्या पानावर मराठी फुटते तेव्हा: मेटा टॅग, सर्व्हरची ओळ की आकडी कोड?

"भाऊ, हे काहून असं दिसून रायलं? मोबाइलात व्हायरस घुसला का?" आर्वीकडच्या एका शेतकरी गटाची वेबसाइट मी सांभाळतो. तिथल्या काकांनी तुरीच्या भावाची जुनी लिंक उघडली, तर 'पान सापडलं नाही' (हाच ४०४ चा संदेश) ऐवजी चिन्हांचा नुसता कचरा. बाकी साइट मात्र स्वच्छ मराठीत. माणसाला आपल्या भाषेत धड 'नाही' सुद्धा कळू नये, हे मला फार लागलं.

आधी कचरा नीट बघा. एकेका अक्षराच्या जागी तीन-तीन परकी चिन्हं असतील तर मजकूर शाबूत आहे. यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्या साठवायची आजची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि ब्राउझर ते सुटे सुटे वाचतोय. नुसती प्रश्नचिन्हं असतील तर फाइल बहुधा एएनएसआय या जुन्या, मराठी न मावणाऱ्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) सेव्ह झाली. अक्षरं गेली, पुन्हा टाइप करा. इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर मजकूर कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टचा आहे, तो आधी युनिकोडमध्ये बदला.

उपाय तीन. मेटा टॅग, म्हणजे पानाच्या एचटीएमएलमध्ये 'हा मजकूर यूटीएफ-८ आहे' असं सांगणारी ओळ, सगळ्यात सोपा. फाइलीच्या पहिल्या १०२४ बाइटांत हवा. पण सर्व्हरने हेडरमध्ये (पानाआधी पाठवलेल्या माहितीत) वेगळा कॅरसेट, म्हणजे वेगळं एन्कोडिंग, सांगितला तर ब्राउझर सर्व्हरचंच ऐकतो. माझं तिथेच अडलं होतं. संदेश मी एररडॉक्युमेंटच्या (पान न सापडल्यास काय दाखवायचं ते सर्व्हरला सांगणाऱ्या) ओळीतच अवतरणात लिहिला होता, आणि असा मजकूर अपाची हा सर्व्हर आयएसओ-८८५९-१ (रोमन लिपीचं जुनं एन्कोडिंग) म्हणून पाठवतो. वेगळी फाइल करून तिचा साइटवरचा मार्ग दिला, तेव्हा सुटलं. तिथे एचटीटीपीसकट पूर्ण पत्ता देऊ नका, नाहीतर रीडायरेक्ट होतं, म्हणजे ब्राउझर दुसऱ्या पत्त्यावर पाठवला जातो, आणि ४०४ हा कोडच हरवतो.

सर्व्हरची ओळ, म्हणजे एचटीअॅक्सेस या सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलीत 'AddDefaultCharset utf-8', मला जास्त भरवशाची वाटते. एका ओळीत सगळी पानं येतात. जुन्या एन्कोडिंगची पानं साइटवर असतील तर मात्र ती बिघडू शकतात.

आकडी कोड म्हणजे 'म' साठी म लिहायचं. कॅरसेट कोणताही असो, हे बहुतेक फुटत नाही. पण उद्या एक शब्द बदलायचा तर डोळे फुटतात. होस्टिंगवाला काहीच बदलू देत नसेल आणि संदेश एका ओळीचा असेल, तरच.

माझ्या सगळ्या साइटवर आता सर्व्हरची ओळ आणि मेटा टॅग दोन्ही आहेत. तपासायला मुद्दाम चुकीचा पत्ता टाका, तोही खासगी खिडकीत, म्हणजे ब्राउझरने साठवलेलं जुनं पान दिसणार नाही.