अनेक वर्षांनी आजी-आजोबांकडे: डिसेंबरची धावती भेट की पावसाळ्यातला लांब मुक्काम?

अमेरिकेत राहणाऱ्या आणि कोकणात आजी-आजोबा असणाऱ्या आमच्यासारख्या अनेक मराठी घरांत गेल्या काही वर्षांत भेटीची साखळी तुटली. भारताने २३ मार्च २०२० पासून नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा बंद केली, ती २७ मार्च २०२२ रोजी पूर्ववत झाली. त्यानंतरही कोणाच्या व्हिसाच्या शिक्क्याचा प्रश्न होता, कोणाच्या ग्रीन कार्डाचा, कोणाच्या नोकरीचा. आमच्या बाबतीत २०१८ च्या डिसेंबरनंतर पुन्हा सासरच्या घराची पायरी चढायला २०२४ चा डिसेंबर उजाडला. मधल्या सहा वर्षांत मुलगा चार वर्षांचा होता तो दहा वर्षांचा झाला होता आणि एका वर्षाची असताना भारतातून परतलेली मुलगी सात वर्षांची. तिला आजी-आजोबा केवळ फोनच्या पडद्यावर ठाऊक होते. ती भेट नऊ रात्रींची झाली आणि आम्हा सगळ्यांनाच इतकी अपुरी वाटली, की पुढच्याच वर्षी, २०२५ च्या जून-जुलैमध्ये, आम्ही पाच आठवडे पुन्हा गेलो. घर तेच, संगमेश्वर तालुक्यातले, माणसेही तीच. त्यामुळे दोन्ही काळांची तुलना मला जवळून करता येते, आणि ज्यांना एवढ्या अंतराने जायचे आहे पण कधी जावे हे ठरत नाही, त्यांच्यासाठी ती मांडते आहे.

डिसेंबरच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पाऊस संपून दोन महिने झालेले असतात, रस्ते कोरडे असतात, भाताची कापणी आणि झोडणी उरकून अंगण नव्याने सारवलेले असते, आंब्याला मोहर धरू लागलेला असतो. घरच्यांच्या मागे शेतीचे मोठे काम नसते. मुलांना दिवसभर बाहेर सोडता येते आणि डासांचा त्रासही तुलनेने कमी असतो. ज्यांना लहान मुलांच्या प्रकृतीची काळजी वाटते, त्यांनी डिसेंबर निवडला तर मी त्यांना चूक म्हणणार नाही.

खरी अडचण दिवसांची आहे. न्यू जर्सीतल्या आमच्या शाळा २० डिसेंबरला सुटल्या आणि २ जानेवारीला उघडल्या. थेट विमानाचे चौदा-पंधरा तास, मुंबईहून पुढचा रेल्वेचा प्रवास आणि परतीचे तेवढेच वजा केले, की हातात नऊ रात्री उरल्या. हिवाळ्यात न्यू जर्सी भारताच्या साडेदहा तास मागे असते. एवढा फरक अंगातून उतरायला मुलांना चार-पाच दिवस लागतात, म्हणजे निम्मी भेट रात्री दोनला जागे होण्यात आणि दुपारी जेवणाच्या पानावर पेंगण्यात जाते. मार्गशीर्षातली लग्ने याच दिवसांत येतात. एवढ्या वर्षांनी आलेल्या माणसांना आमंत्रण नाकारता येत नाही, म्हणून आमचे दोन दिवस रत्नागिरीच्या एका लग्नात गेले आणि आणखी एक नातेवाइकांच्या घरी जेवण्यात. वर्षातली सर्वांत महाग तिकिटेही याच पंधरवड्याची असतात.

सर्वांत जास्त लागून राहिली ती मुलीची गोष्ट. पहिले सात दिवस ती आजीपासून दोन हात लांब उभी राहत होती; विचारले तेवढेच उत्तर, तेही माझ्याकडे पाहून. आठव्या दिवशी संध्याकाळी सासूबाई निरांजन घेऊन तुळशीकडे निघाल्या, तेव्हा कोणी सांगितले नसताना ती उठली आणि त्यांच्या पदराचे टोक मुठीत धरून मागोमाग गेली. सासूबाईंनी मागे वळून पाहिले नाही, फक्त चाल मंद केली. त्यानंतर एक दिवस गेला आणि आम्ही सामान बांधले. मुलांची भीड मोडायला लागणारे दिवस आपल्या रजेच्या हिशेबात कधीच धरलेले नसतात. डिसेंबरची भेट नेमकी त्या जागी तुटते.

जून-जुलैचा मुक्काम ठरवताना मला सगळ्यांनी घाबरवले होते, आणि त्यातले बरेचसे खरेही निघाले. मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत कोकणात पोचलेला असतो आणि न्यू जर्सीच्या शाळा त्यानंतर सुटतात, त्यामुळे हापूसची आशा धरूच नये. टेक्साससारख्या राज्यांत शाळा मे महिन्याच्या अखेरीस सुटतात, त्यांना शेवटचे आंबे मिळू शकतात. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक लागू झाले की गाड्यांचा वेग कमी ठेवला जातो, आणि मुंबई-मडगाव वंदे भारत तर आठवड्यातून सहाऐवजी तीनच दिवस धावते. वीज जाते, एकदा आमच्याकडे सलग दोन दिवस गेली होती आणि फोनला रेंज मिळण्यासाठी रस्त्यापर्यंत चालत जावे लागे. कपडे वाळत नाहीत. साप निघतात, म्हणून मुलांना बॅटरीशिवाय आणि पायांत काही घातल्याशिवाय पडवीबाहेर पाऊल टाकायचे नाही हे पहिल्याच दिवशी बजावून सांगावे लागते. मुलीला तिसऱ्या आठवड्यात ताप आला, तेव्हा डेंग्यूची रक्ततपासणी होऊन अहवाल येईपर्यंतचे दीड दिवस मी कसे काढले ते माझे मला ठाऊक. अहवाल चांगला आला, पण हे सारे आधी गृहीत धरूनच निघायला हवे.

आणि तरीही, अनेक वर्षांच्या खंडानंतर जाणाऱ्यांना मी पावसाळ्यातला लांब मुक्कामच सुचवेन. त्याचे कारण पावसाच्या सौंदर्यात नाही, आजी-आजोबांच्या दिनक्रमात आहे. पाऊस माणसांना घरात ठेवतो. लग्ने नसतात, पाहुण्यांची वर्दळ नसते, मार्लेश्वर-गणपतीपुळ्याचे बेत आपोआप मागे पडतात, आणि मुले व म्हातारी माणसे एकाच ओटीवर तासन् तास असतात. सासूबाई फणसाच्या आठळ्या चुलीत भाजून पुढ्यात टाकत, मुले त्या सोलत, आणि त्या सोलण्यात न ठरवता गोष्टी निघत. मुलाचे मराठी आठवड्याच्या मराठी शाळेत जेवढे सुधारले नव्हते, तेवढे त्या आठळ्यांवर सुधारले.

माझे सासरे वर्षानुवर्षे पहाटे चारला उठतात. पण थंडीत त्यांना दम लागतो, म्हणून डिसेंबरमध्ये ते ऊन वर येईपर्यंत अंथरुणातच असत, आणि वेळेच्या फरकामुळे तीनला जागा झालेला मुलगा अंधारात आमच्या उशाशी चुळबुळ करत बसे. जुलैमध्ये मात्र दोघेही एकाच वेळी जागे असत. पाचव्या पहाटे मला जाग आली तर मुलगा अंथरुणात नव्हता. न्हाणीघराच्या दाराशी आजोबा पाटावर बसले होते, शेजारी हा उकिडवा, आणि मध्ये आंघोळीचे पाणी तापवायचा तांब्याचा बंब. आधी करवंट्या, वर नारळाची सोडणे, त्यावर बारीक ढलप्या आणि सगळ्यांत शेवटी लाकूड, हा क्रम सासरे एकदाच सांगत होते आणि पुढचे हाताने दाखवत होते. त्यांनी दोन लाकडे एकमेकांवर आपटून दाखवली: सुके खणखणीत वाजते, ओले बद्द. मग मुलाने डोळे मिटायचे आणि आवाजावरून ओळखायचे. वेळेच्या फरकाची सवय मोडल्यावरही तो मुक्काम संपेपर्यंत गजर लावून चारला उठत राहिला. डिसेंबरच्या नऊ रात्रींत आजोबा-नातवात जेवढे बोलणे झाले, त्याहून अधिक त्या बंबापाशी एका आठवड्यात झाले असेल.

जुलैची आणखी एक बाजू आहे, जिचा विचार बहुतेक जण करत नाहीत. हा लावणीचा काळ असतो. तरवा, म्हणजे भाताची रोपे, काढायला आणि लावायला माणसे मिळत नाहीत, म्हणून घरातले धडधाकट सगळेच चिखलात असतात आणि आपल्या सरबराईला कोणी मोकळे नसते. मला हे उलट बरे वाटले. पाहुणे म्हणून आलेल्या मुलांना दुसऱ्या आठवड्यात काम सांगितले जाऊ लागले, शेतावर चहा पोचवायचा, वासराला आत बांधायचे, आणि काम सांगितले जाणे ही त्या घरात आपलेपणाची खूण असते. ज्यांचे आजी-आजोबा पुण्या-मुंबईच्या सदनिकेत राहतात, त्यांना मात्र हा मुद्दा लागू नाही. तिथे पावसाळ्यात मुले चार भिंतींत कोंडली जातात आणि तुलनेचे पारडे डिसेंबरकडे झुकू शकते.

लांब मुक्कामात एक गोष्ट कळली, ती थोड्या दिवसांत कळली नसती. सासूबाईंना उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. इतक्या वर्षांच्या व्हिडिओ कॉलवर हे आमच्या लक्षात आले नव्हते, कारण सासरे शेजारी बसून प्रत्येक प्रश्न त्यांना पुन्हा सांगत आणि आम्हाला ती त्यांची लकब वाटे. डिसेंबरच्या गर्दीतही ते झाकलेले राहिले. जुलैमध्ये सासरे शेतावर गेलेले असताना मुलीने तीनदा काहीतरी विचारले आणि आजी नुसत्या हसल्या, तेव्हा उलगडा झाला. मुक्कामाचे तीन आठवडे शिल्लक होते म्हणून रत्नागिरीला नेऊन तपासणी झाली, श्रवणयंत्र बसवले आणि ते बसल्यावर पुन्हा एकदा जुळवून घेता आले.

गणपतीत जावे का, हा प्रश्न प्रत्येक कोकणी घरात निघतो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे सण उशिरा येतात आणि गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे अमेरिकेतल्या शाळा सुरू होऊन गेलेल्या असतील. २०२७ मध्ये ती ४ सप्टेंबरला आहे, पण गौरी-विसर्जनापर्यंत राहायचे तर न्यू जर्सीतल्या मुलांचेही शाळेचे पहिले दिवस बुडतील. रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते आणि गणपतीच्या गाड्या उघडताक्षणी भरतात. या अडचणी पार करता येतील, पण त्या दिवसांत घरात तीस माणसे असतात आणि आजी दिवसभर स्वयंपाकघरात असते. गणपतीची भेट ही घराची आणि भावकीची भेट असते. ती जरूर घ्यावी, पण एवढ्या वर्षांनंतरची पहिली भेट ती असू नये असे मला वाटते.

‘त्यांनाच इकडे बोलावले तर?’ हा पर्याय कागदावर सोपा दिसतो, कारण पर्यटक व्हिसावर आलेल्यांना साधारणपणे सहा महिने राहू देतात. परंतु पाहुण्यांसाठीचे आरोग्य विमे आधीपासून असलेल्या आजारांना सहसा संरक्षण देत नाहीत. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो, तेही तारखा ठरवताना लक्षात ठेवावे लागते. शिवाय आपण कामावर आणि मुले शाळेत गेल्यावर, गाडीशिवाय कुठे जाता येत नाही अशा उपनगरात त्यांचा दिवस फार मोठा होतो. ऐंशीच्या घरातल्या माणसांना मी हा प्रवास करायला सांगणार नाही.

माझ्या या सगळ्या म्हणण्याला एक अपवाद आहे. आजी-आजोबांपैकी कोणी अंथरुणाला खिळले असेल, किंवा फोनवरचा त्यांचा आवाज महिन्यागणिक बारीक होत चालला असेल, तर पावसाळ्याची वाट पाहू नये. डिसेंबरच्या नऊ रात्री, नाही तर फेब्रुवारीतले पाच दिवस, जे मिळतील ते घ्यावेत आणि मुलांची शाळा बुडवावी.

तयारीच्या बाबतीत, अनेक वर्षांनी जाणारे कागदपत्रांत अडकतात. सोळा वर्षांखालील मुलांचा अमेरिकी पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, तेव्हा तो संपलेला असण्याचीच शक्यता अधिक. नवा काढताना आई-वडील दोघांची उपस्थिती किंवा लेखी संमती लागते. मुलांचे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना व्हिसाऐवजी चालणारे कार्ड) असेल तर नव्या पासपोर्टची प्रत आणि नवे छायाचित्र ऑनलाइन चढवावे लागते, त्याला शुल्क नाही. विषमज्वराची लस निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्यायची असते, आणि हिवतापाच्या गोळ्यांबद्दल त्याच भेटीत डॉक्टरांना विचारून घ्यावे. ज्यांना कामाच्या व्हिसाचा शिक्का घ्यायचा आहे, त्यांनी तो डिसेंबरच्या छोट्या सुट्टीत बसवू नये; अमेरिकी वकिलातीतल्या मुलाखतीची तारीख पुढे गेली तर सगळी भेट त्या काळजीत जाते.

तिकीट काढण्यापूर्वी घरी एक फोन करावा, पण ‘कधी येऊ?’ असे विचारू नये, कारण त्याला ‘कधीही या’ हेच उत्तर मिळते. त्या महिन्यात कोणाची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली आहे का, लावणी साधारण कधी सुरू होईल, कोणत्या खोलीत पाणी गळते, आजोबा सध्या किती वाजता उठतात, असे विचारावे. पावसाळ्यात परत निघताना घाटातल्या दरडी आणि गाड्यांचा उशीर धरून विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबई गाठावी. आम्ही निघालो त्या पहाटे बंब मुलाने एकट्याने पेटवला, आणि सासऱ्यांनी त्या पाण्याने आंघोळ उरकून आम्हाला स्थानकावर सोडले.