विमानातलं ग्राउंडिंग तपासायचंय: मल्टिमीटर, मिलिओहम मीटर की लूप टेस्टर?

गोकुळ शिरगाव एमआयडीसीतले एक परिचित विमानांसाठी बॉन्डिंग जंपर (धातूचे भाग विजेने एकमेकांना जोडणारी छोटी पट्टी) बनवायच्या तयारीत आहेत. टिन चढवलेल्या तांब्याची वेणी, दोन्ही टोकांना लग (बोल्टखाली आवळायचं धातूचं टोक), माल एवढाच. गाडी अडलीये ती मीटरवर.

उडत्या विमानाला जमिनीत रॉड पुरायची सोय नसते. ॲल्युमिनियमचा सांगाडा हाच करंटचा परतीचा रस्ता. बोइंग ७८७ सारख्या कार्बन कॉम्पोझिट विमानात तर त्यासाठी धातूचं वेगळं जाळं टाकावं लागलं. म्हणून प्रत्येक जोडाचा रेझिस्टन्स मोजावा लागतो. जुन्या अमेरिकी लष्करी मानकात रेडिओ बॉन्डिंगची (रेडिओतला व्यत्यय टाळण्यासाठीच्या जोडांची) मर्यादा २.५ मिलिओहम होती. तुमच्या जोडाला किती चालेल, ते मात्र त्या विमानाचं मॅन्युअलच सांगणार.

मल्टिमीटर इथंच बाद होतो. त्याच्या वायरींचाच रेझिस्टन्स सहज ०.१ ओहम भरतो, म्हणजे त्या मर्यादेच्या ४० पट. बझर वाजला की झालं, ही घरच्या फिटिंगची सवय इथं महागात पडते. ०.१ ओहमच्या जोडातून १०० अँपिअर गेले तर तिथंच १० व्होल्ट खाल्ले जातात आणि १००० वॅट उष्णता होते. २८ व्होल्टच्या डीसी लाइनवर मग उरलं काय? २.५ मिलिओहमला हाच हिशेब पाव व्होल्ट आणि २५ वॅटचा.

चार वायरींच्या मिलिओहम मीटरात दोन वायरी करंट सोडतात, दोन व्होल्टेज वाचतात. वायरींचा रेझिस्टन्स हिशेबातच येत नाही. जंपर बनवणाऱ्याला हाच पुरे. केल्विन क्लिपा (एकाच चिमट्यात करंटची आणि व्होल्टेजची वायर) सोबत घ्या, एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी भारतीय संस्था) मान्यतेच्या लॅबचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागा. इंधन टाकीजवळ मोजायचं असेल तर स्फोटक वातावरणासाठी प्रमाणित मॉडेलच हवं.

बसवलेल्या केबलवर मात्र हा मीटर फसवतो. शील्ड (केबलवरचं धातूचं आवरण) दोन्ही टोकांना ग्राउंड असेल, तर एका टोकाचा जोड खराब असला तरी करंट दुसऱ्या टोकाकडून फिरून येतो आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. लूप टेस्टर केबलभोवती क्लॅम्प लावून, कनेक्टर न उघडता, अख्खं लूप (शील्ड, दोन्ही टोकांचे जोड आणि सांगाडा मिळून होणारा बंद रस्ता) मोजतो. खिशाला जड आहे. हँगरमध्ये देखभाल करणाऱ्यांनीच त्याच्या वाटेला जावं. त्यांनाही आधी पृष्ठभाग बघावा लागतोच: ॲनोडाइझ केलेला भाग दिसायला धातू, पण वरचा थर वीज अडवतो. तो लगापुरता काढून, वीजवाहक कोटिंग देऊन, बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळून मग जोड सील करायचा.

आमच्या परिचितांनी मिलिओहम मीटर घ्यावा आणि उरलेले पैसे चांगल्या क्रिंपिंग टूलमध्ये घालावेत. जंपर बहुधा लगापाशीच दगा देतो.