गुडघ्यासाठी पोट कापून घेतलं: स्लीव्हनंतरचे 14 महिने

वय 57, उंची पाच फूट, वजन 104 किलो. पुण्यात पोळीभाजी केंद्र चालवते, तव्यापुढे उभं राहण्यात पंचवीस वर्षं गेली. दोन्ही गुडघ्यांचं वंगण संपलेलं, उजव्यात तर हाडाला हाड लागलेलं. वाट्या बदलून घ्यायला गेले, तर हाडांचे डॉक्टर म्हणाले, "काकू, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 45 आहे. 40 च्या खाली आणा, मग तारीख देतो." एवढ्या वजनात जखम चिघळण्याचा आणि नव्या सांध्यात जंतुसंसर्ग होण्याचा धोका जास्त असतो, असं कारण दिलं. म्हणजे बारा किलो उतरवायचे. जिला कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत चालवत नाही, तिने ते उतरवायचे कसे? दीड वर्ष आहारतज्ज्ञ झाली. सहा किलो गेले, आठ परत आले. मग स्लीव्ह, म्हणजे वजन उतरवण्यासाठीची पोटाची शस्त्रक्रिया, केली.

यात दुर्बिणीतून जठराचा साधारण तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात, उरतं ते केळ्याएवढं. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक बरंचसं त्या काढलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे सुरुवातीचे काही महिने भूक म्हणून लागतच नाही. ऑपरेशनचा त्रास मला फार झाला नाही. खरा जीव गेला तो आधीच्या दोन आठवड्यांत. यकृत जरा आकसावं, म्हणजे सर्जनला जठरापर्यंत नीट पोचता येतं, म्हणून फक्त पातळ घ्यायचं. समोर दोनशे पोळ्या फुगतायत आणि मी ताक पितेय!

नंतर आधी वरणाचं पाणी, सूप, ताक, मग मऊ कुस्करलेलं, मग साधं जेवण. साधं म्हणजे अर्धी वाटी. आणि गंमत बघा, भाकरी चावून चावून जाते, पण मऊ लुसलुशीत पोळी अडकते. छातीत गोळा येतो, तोंडाला पाणी सुटतं, मोरीकडे धावायचं. माझ्याच हातची पोळी मला आजही दोन घासांपलीकडे जात नाही. जेवताना पाणी नाही, आधी-नंतर अर्धा तास थांबायचं. दिवसाला 60 ग्रॅम प्रथिनं सांगितली होती. शाकाहारी माणसाने केळ्याएवढ्या पोटात ती कशी बसवायची, हे एकदा करून बघाच. पनीर, दही, मुगाचं धिरडं आणि शेवटी नाक दाबून पावडर.

आता तक्रार. आठ वर्षं मी डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या गोळीवर दिवस काढत होते. स्लीव्हनंतर ती बंद, कारण असल्या गोळ्यांनी जठरात जखमा होतात. फक्त पॅरासिटामॉल. हे मला घरी सोडताना हातात दिलेल्या कागदावर कळलं, त्याआधी कोणी बोललं नव्हतं. वजन उतरेपर्यंत गुडघा तोच, जिना तोच आणि गोळी गेलेली. ज्यांना गुडघ्यासाठी हे करायचंय त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारावा: मधले महिने दुखण्यावर काय घ्यायचं?

तिसऱ्या महिन्यात काटा 88 वर आला. आकड्याने मी पास! सपाट रस्त्यावर फरक पडला होता, मंडईपर्यंत न थांबता जायला लागले. एक किलो उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोंनी हलका होतो म्हणतात, ते मला पटलं. पण जिना उतरताना तीच कळ आणि रात्रीचा ठणका तसाच. झिजलेली गादी वजन घटल्याने परत येत नाही.

हाडांचे डॉक्टर म्हणाले, सहा महिने होऊ देत. सहाव्या महिन्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 9.4. वजनात बसले आणि रक्तात नापास. खाणं एवढंसं आणि लोहाच्या गोळ्या मळमळतं म्हणून मी टाळत होते, चूक माझीच. शिरेतून लोह घेतलं, दोन-अडीच महिने आणखी गेले. केसही याच काळात पुंजक्यांनी गळत होते, ते पुढे आपोआप थांबले. बी12, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आता कायमचं. कॅल्शियम आणि लोह एकदम घ्यायचं नाही, मध्ये दोन तास सोडायचे.

एक अजून. चरबीबरोबर मांडीचा स्नायूही उतरतो, आणि नवा गुडघा उचलायला लागतो तो हाच स्नायू. फिजिओथेरपीवाल्या मुलीने पाय दाबून बघितला आणि म्हणाली, "काकू, मांडीत काहीच नाही हो." पहिल्या महिन्यापासून व्यायाम केला असता तर गुडघा बदलल्यावर वॉकर लवकर सुटला असता. मी खुर्चीतून उठ-बस सुरू केली सातव्या महिन्यात.

पैशाचं. आमच्या मेडिक्लेमवाल्यांनी 'हे सौंदर्यासाठीचं' म्हणून आधी नकार दिला. विमा नियामकाच्या ठरलेल्या कलमात बीएमआय 40 किंवा जास्त असेल, तर डॉक्टरच्या सल्ल्याने केलेली ही शस्त्रक्रिया वगळलेली नाही. 35 ते 40 मध्ये मात्र हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार किंवा आटोक्याबाहेरचा मधुमेह लागतो. गुडघा त्या यादीत नाही. म्हणजे गुडघ्यापायी अंथरुण धरलेल्या, पण बीएमआय 38 असलेल्या बाईने काय करायचं? आहारतज्ज्ञाचे जुने कागद मी फेकले नव्हते, ते लावून पुन्हा अर्ज केला, तेव्हा मंजूर झालं.

नवव्या महिन्यात, 75 किलोवर, उजवा गुडघा बदलला. आज त्याला पाच महिने झाले. जिना एक पाय एक पायरी असा उतरते. रात्री झोपते. 110 अंशांपर्यंत वाकतो, मांडी घालून बसता येत नाही. हळदीकुंकवाला खुर्ची मागायची लाज आता वाटत नाही.

नंतर भाच्याने एक गोष्ट सांगितली. बीएमआय 40 ची रेघ अमेरिकेतल्या सांधेरोपण सर्जनांच्या संघटनेने 2013 मध्ये सुचवलेली, आणि 2023 मध्ये त्यांनीच तिथल्या संधिवात तज्ज्ञांसोबत म्हटलं की केवळ आकडा गाठण्यासाठी ऑपरेशन लांबवू नये. ऐकून मी दोन दिवस कोणाशी धड बोलले नाही. डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, "काकू, तुमची शुगर आणि जखम भरायची ताकद बघून मी तेव्हाही थांबलोच असतो." असेल. पण हे पर्याय म्हणून माझ्यासमोर ठेवायला हवं होतं, अट म्हणून नव्हे. उलट मेलबर्नच्या एका अभ्यासात, तिथे स्लीव्हऐवजी जठराभोवती आवळणारा पट्टा बसवला होता, वजन उतरल्यावर चारातल्या एकाहून जास्त जणांनी गुडघा बदलायचं रद्द केलं, कारण दुखणंच कमी झालं. माझ्या डाव्या गुडघ्याचं तसंच झालंय. त्याचीही तारीख घेतली होती, ती मागच्या आठवड्यात मी पुढे ढकलली. फराळाच्या ऑर्डरी आहेत, चकलीचा सोऱ्या उभ्यानेच फिरवावा लागतो, आणि डावा सध्या चालतोय.